नाहूरचा लांब दादूस

तो पहिल्यांदा आमच्या दारात आला, तेव्हा "नमस्ते" म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि दारावरचं तोरण त्याच्या तोंडात गेलं. प्लास्टिकचं होतं, धुळकट. त्याने ते शांतपणे बाजूला केलं, मान खाली घातली, आत आला आणि मग हळूहळू सरळ होत गेला. ते सरळ होणं संपेचना. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती मला म्हणाली, "आधी पंखा बंद कर गं."

पंखा बंद केला. पुढे तो घरी आला की पंखा बंद करायचा हे आमच्याकडे ठरूनच गेलं. एप्रिलच्या उकाड्यातसुद्धा. बाबा बनियन हलवत बसायचे, पण पंखा बंद.

तो अमेरिकन होता आणि बास्केटबॉल खेळणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा होता. कुठल्याशा कंपनीने मुंबईत बास्केटबॉलची लीग काढली होती. सामने अंधेरीला एका हॉलमध्ये व्हायचे आणि परदेशी खेळाडूंना राहायला घरं घेऊन दिली होती. बाकीच्यांना अंधेरीत मिळाली, याला मिळालं नाहूर. आमच्या शेजारचा फ्लॅट माझ्या काकाचा. काका नाशिकला गेल्यापासून तो रिकामा होता, तोच कंपनीने घेतला.

"मला नेहमी शेवटी उरलेलं घर मिळतं," तो सांगायचा. तक्रार नव्हती त्यात, नुसती माहिती. "पोलंडमध्ये बेकरीच्या वर राहत होतो. माझं वजन वाढलं. बेकरीवाल्याचा धंदाही वाढला."

मी स्वतः बास्केटबॉलवाली. महाराष्ट्राकडून खेळले, त्याच्या जोरावर बँकेत लागले. आता दिवसभर काउंटरवर असते आणि सकाळी मुलुंडच्या एका शाळेच्या मैदानावर मुलींना शिकवते. त्यामुळे हा माणूस म्हणजे आपल्या खेळातला कोण आहे, हे मला पहिल्याच गप्पांत कळलं. ज्या मोठ्या लीगचे सामने आपल्याकडे सकाळी सकाळी टीव्हीवर दिसतात, तिथे तो एकदा पोचला होता. दहा दिवसांच्या करारावर. तिथे तशी पद्धत आहे, कोणी जखमी झालं की दहा दिवसांसाठी माणूस घेतात.

"दहा दिवस?" बाबांनी मला मराठीत विचारलं. "अगं, आमच्या पालिकेच्या शाळेत बदली शिक्षकालासुद्धा त्याहून जास्त दिवस मिळायचे."

मी ते त्याला भाषांतर करून सांगितलं. तो इतका हसला की सोफा सरकला. त्या दहा दिवसांत तो एकदाच मैदानात उतरला होता, तोही सामना पार हातातून गेल्यावर. एकही बास्केट केली नाही. एक फाउल मात्र केला, आणि ज्याच्यावर केला तो त्या काळातला फार मोठा खेळाडू. जाता जाता त्या माणसाचं कोपर याच्या भुवईला लागलं. लोक टॅटू दाखवतात तसा हा भुवईवरचा तो व्रण दाखवायचा. आईला दाखवला, तर आई म्हणाली, "हळद लावली असतीस तर राहिला नसता."

त्यानंतर सगळं जग. पोलंड, फिलिपिन्स, लेबनॉन, उरुग्वे, सायप्रस आणि मध्ये मध्ये कुठे कुठे. कुठे वर्षभर, कुठे महिनाभर. एका ठिकाणी विमानतळावर घ्यायला आलेल्या माणसानेच सांगितलं की तुमच्या जागी दुसरा घेतलाय. मग त्याच माणसाने त्याला जेवायला घरी नेलं, आणि त्याच्या मुलीच्या लग्नाला हा नंतर खास जाऊन आला. त्याच्या बऱ्याच गोष्टींचा शेवट असा व्हायचा. सुरुवात ऐकून वाईट वाटायला लागावं, तोवर हा कोणाच्या तरी घरी जेवत असायचा.

त्याचं एक तत्त्व होतं. जो काढतो त्याच्याशी नीट हात मिळवायचा. "कोचही माझ्यासारखेच असतात," तो म्हणायचा. "यंदा इथे, पुढच्या वर्षी दुसरीकडे. आज मला काढणारा उद्या मला बोलावतो." आणि खरंच, दोन देशांत त्याला पूर्वी काढलेल्या माणसांनीच बोलावलं होतं.

लीग अर्ध्यात थांबली. भांडण नाही, घोषणा नाही. पुढचे सामने नंतर होतील असं कळवलं आणि ते नंतर काही आलंच नाही. परदेशी खेळाडूंना परतीची तिकिटं दिली. याने तिकिटाची तारीख पुढे ढकलून घेतली.

"घरी नाही जायचं?" मी विचारलं.

"घरी जाऊन काय, भावाच्या सोफ्यावर पडून फोनची वाट बघायची. ती इथूनही बघता येते. तुमचा सोफा मोठा आहे."

व्हिसा अजून बाकी होता. काकाला फोन केला, तो म्हणाला, राहू दे त्याला, घर बंद ठेवण्यापेक्षा बरं. असा तो राहिला.

त्याच्या गुडघ्यांबद्दल सांगायला हवं, कारण नाहूरमध्ये तो खऱ्या अर्थाने प्रसिद्ध झाला तो गुडघ्यांमुळे. इतकी वर्षं उड्या मारून दोन्ही गेले होते. संध्याकाळी त्यांवर बर्फ ठेवल्याशिवाय त्याला जिना चढता यायचा नाही. घरातल्या फ्रिजमधल्या बर्फाच्या खड्यांनी त्या गुडघ्यांचं काय होणार? तेवढ्याने त्याची करंगळी भिजली असती. मग त्याने आपला मार्ग शोधला. स्टेशनजवळ मासळी विकायला बसणाऱ्या एक कोळीण मावशी होत्या, भांडुपच्या. त्यांच्या टोपल्यांतला उरलेला बर्फ तो बाजार उठताना घेऊन यायचा. भाषा एकमेकांची येत नव्हती. तो गुडघ्यावर हात ठेवायचा, मावशी पिशवी भरायच्या.

"दादूस, आजचा बरफ बोंबलांतला हाय," त्या सांगायच्या. "चालल ना?"

"चालल," तो म्हणायचा. तो शब्द त्याला पहिल्यांदा आला तो असा, त्यामुळे शेवटपर्यंत तो चालेलला चालल म्हणायचा.

कोळ्यांमध्ये मोठ्या भावाला दादूस म्हणतात. मावशींचं ऐकून आख्खी गल्ली त्याला लांब दादूस म्हणायला लागली. आणि तो बर्फ गुडघ्यांना बांधून पायऱ्यांवर बसला की इमारतीतली सगळी मांजरं त्याच्याभोवती जमायची. पावणेसात फूट माणूस, पाय लांबवर पसरलेले, आणि दोन्ही गुडघ्यांना मांजरं. आमच्या मजल्यावर पाहुणे आले की हे दृश्य बघून आधी थबकायचे, मग बेल वाजवायचे.

सकाळी तो माझ्याबरोबर मुलुंडला मैदानावर यायला लागला. रिक्षात तो मावायचा नाही, त्याला घडी घालावी लागायची. आधी डोकं, मग एक पाय, मग बाकीचा माणूस आणि शेवटी दुसरा पाय, जो निम्मा बाहेरच. रिक्षावाले त्याला नाही म्हणायचे नाहीत, पण आरशात बघत राहायचे.

मुलींना वाटलं होतं, आता हा आपल्याला डंक, म्हणजे उंच उडून बॉल थेट रिंगमध्ये कोंबणं, शिकवणार, पाठीमागून पास द्यायला शिकवणार. त्याने पहिला आठवडा बॉलच दिला नाही. नुसतं उभं राहायला शिकवलं. आपली मैत्रीण बॉल घेऊन पळतेय, तिच्या मागे समोरची खेळाडू लागलीय, तर त्या वाटेत पाय रोवून उभं राहायचं, म्हणजे मैत्रीण सुटते. याला आम्ही स्क्रीन म्हणतो. कंटाळवाणं काम. अंगावर धक्का बसतो आणि टाळ्या दुसरीला मिळतात.

"सर, यात मी काय केलं?" आमची एक ठेंगणी, तिखट मुलगी वैतागून म्हणाली. "मी तर नुसती उभी."

"मीही," तो म्हणाला. "तेवढ्यावर जग बघितलं."

त्याचं हे म्हणणं मी तेव्हा विनोद म्हणून घेतलं. नंतर त्याचे जुने सामने मोबाईलवर शोधून बघितले, तर तो खरंच सांगत होता. बॉल कायम दुसऱ्याच्या हातात. हा कुठेतरी कडेला कोणाच्या तरी वाटेत उभा.

जुहूला एकदा त्याला समुद्र दाखवायला नेलं. तिथे माणसांची रांगच लागली फोटोला. एका गृहस्थांनी मुलाला त्याच्या शेजारी उभं केलं आणि विचारलं, "हे कोण आहेत? फेमस आहेत ना?" मी काही बोलायच्या आत हा म्हणाला, "नाही. फक्त उंच." गृहस्थ जरा हिरमुसले, पण फोटो काढला. परत येताना मी म्हटलं, "सांगायचंस ना रे, खेळाडू आहे म्हणून." तो म्हणाला, "मग ते नाव शोधतात. नाव शोधलं की त्यांना वाईट वाटतं. उंच आहे हे तर दिसतंच."

बाबांची आणि त्याची खास दोस्ती. बाबा मराठीचे शिक्षक होते, बीडहून मुंबईत आले आणि आयुष्यभर मुलांचे ऱ्हस्वदीर्घ काढले. त्याची अशी सवय, की ज्या देशात जाईल तिथल्या भाषेत रेफरीशी वाद घालायचं एक वाक्य शिकून घ्यायचं. बाकी भाषा नाही आली तरी चालेल. त्याने बाबांना विचारलं की रेफरी चुकला तर मराठीत काय म्हणायचं. मुंबईच्या कुठल्याही मैदानावर याचं उत्तर दोन शब्दांत मिळालं असतं. पण विचारलं बाबांना. बाबांनी दोन दिवस विचार केला आणि त्याच्याकडून वाक्य घोकून घेतलं.

मुलुंडच्या स्पर्धेत आमच्या मुलींचा सामना होता. शेवटची काही मिनिटं, आणि आमच्या त्या ठेंगणीवर रेफरीने फाउल दिला. स्क्रीन करताना ती हलली, असं त्याचं म्हणणं. ती हलली नव्हती. मी ओरडणार, तोच माझ्या शेजारचा डोंगर उभा राहिला. दोन्ही हात जोडून, खणखणीत आवाजात म्हणाला, "महोदय, आपण या निर्णयाचा पुनर्विचार करावा, ही नम्र विनंती."

रेफरीच्या तोंडातली शिट्टी खाली पडली.

"काय म्हणालात?" रेफरी म्हणाला.

याला तेवढंच येत होतं, त्याने तेच पुन्हा म्हटलं. रेफरीने शिट्टी उचलली, पुसली, आणि तोही सरळ उभा राहून म्हणाला, "आपली विनंती फेटाळण्यात येत आहे."

सगळं मैदान हसत सुटलं. सामना आम्ही हरलो. बाबा मात्र घरी येईपर्यंत खुशीत होते. "फेटाळली," ते आईला सांगत होते, "पण बघ, शुद्ध मराठीत फेटाळली."

फोन आला तो मे महिन्यात. त्याच्या एजंटचा. मंगोलियातल्या एका क्लबला उंच माणूस हवा होता. पण याचं वय बघून ते बिचकत होते. ताजा व्हिडिओ पाठव म्हणाले, याच आठवड्यातला. धावताना, अडवताना, आणि हो, डंक करताना.

त्या दिवशी पहिल्यांदा तो मला घाबरलेला दिसला. एरवी आमच्या घरी दोन वाट्या आमटी पिणारा माणूस एका वाटीवर थांबला, तेव्हा आईनेच मला खुणेने विचारलं, काय झालंय?

व्हिडिओ मुलुंडच्या मैदानावर काढायचा ठरला. मुली त्याला अडवायला, मी पास द्यायला आणि मोबाईल बाबांकडे. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बाकी सगळं झकास झालं. धावला, वळला, लांबून बॉल टाकले, जवळजवळ सगळे आत. राहिला डंक.

पहिल्यांदा बॉल रिंगच्या कडेला आपटून बाहेर आला. दुसऱ्यांदा तो उडालाच नाही, उडायच्या जागी येऊन थांबला आणि कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. गुडघा दाबला. मी म्हटलं, "राहू दे, बाकीचं पाठव." त्याने ऐकलं नाही. मागे गेला, पार फाटकापर्यंत, आणि तिथून निघाला. आणि तो उडाला. मी इतकी वर्षं खेळतेय, पण इतक्या जवळून असं काही बघितलं नव्हतं. क्षणभर तो वरच राहिला. मग दोन्ही हातांनी बॉल आत घातला, तशी शाळेची ती जुनी रिंग कितीतरी वेळ थरथरत होती. खाली आला तो मात्र वाकडा आला. एका पायावर. तसाच लंगडत कडेच्या पायरीवर जाऊन बसला.

मुली नाचत होत्या. मी बाबांकडे धावले. "काढला ना?"

बाबा वर रिंगकडेच बघत होते. हातातला मोबाईल भलतीकडे वळलेला. तो उडाला तेव्हा बाबा मोबाईल विसरून डोळ्यांनी बघत राहिले होते. व्हिडिओत तो नव्हताच. होत्या फक्त आमच्या मुली, ओळीत उभ्या, माना वर, तोंडं उघडी, आणि मग रिंगचा तो आवाज.

"वाट लागली," मी म्हटलं. बाबांचं तोंड एवढंसं झालं. पुन्हा उडणं शक्य नव्हतं, ते त्याच्या पायाकडे बघूनच कळत होतं.

त्याने मोबाईल मागून घेतला. मुलींचा तो तुकडा परत परत बघितला. मी शेजारी जाऊन बसले. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "तू त्या क्लबची कोच असतीस, तर मला घेतलं असतंस?"

"नाही," मी म्हटलं.

"का?"

"वर गेलास ते मस्त. पण खाली येताना तू धरायला काहीतरी शोधत होतास."

त्याने मोबाईल खाली ठेवला. मला वाटलं, जरा जास्तच तोडून बोलले. पण मला दुसरं काही सुचलंही नव्हतं आणि त्याला खोटं सांगावंसं वाटत नव्हतं. मग तो म्हणाला, "इतक्या वर्षांत मला कोणीच 'नाही' असं म्हटलं नाही. आम्ही वेगळा विचार करतोय म्हणतात. तयारीत राहा म्हणतात. एकाने तर न सांगता हॉलच्या दाराचं माझं कार्डच बंद करून टाकलं होतं." आणि माझ्या खांद्यावर तो पंजा ठेवून म्हणाला, "थँक यू."

"मग? पाठवू नकोस ना."

"पाठवणार तर. नाही म्हणायचं काम त्यांचं आहे. ते तू का करतेस?"

त्याने सगळं पाठवलं. मुलींची उघडी तोंडंसुद्धा. दोन दिवसांत उत्तर आलं, या. क्लबच्या मॅनेजरने एजंटला सांगितलं म्हणे की डंक कोणालाही जमतो, पण ही तोंडं खोटी काढता येत नाहीत. बाबांनी हे इतक्या लोकांना सांगितलं की शेवटी आईने त्यांना बंदी केली.

जायच्या दिवशी मावशींनी त्याला सुकटीची पुडी दिली. त्याने वाकून नमस्कार केला, तरी त्याचं डोकं मावशींच्या डोक्यापेक्षा वरच होतं. आईने लसणाची चटणी दिली आणि मला सांगितलं, "त्याला सांग, एकदम खाऊ नकोस, तिकडे डॉक्टरला काय सांगशील?" टॅक्सीत त्याची घडी घालून आम्ही वर आलो. आईने पंखा लावला. आम्ही तिघं त्याखाली बसलो.

मग थंडीत एका रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल आला. मोठा कोट, लाल नाक. मागे कुठलातरी हॉल. बाबांनी आधी हवामान विचारलं. मी विचारलं, "खेळतोयस ना?"

"मला काढलं," तो म्हणाला.

मी बाबांकडे बघितलं. तो मात्र मजेत सांगायला लागला. तिथला कोच त्याच्याहून लहान, पहिलंच वर्ष. त्याने याला ऑफिसात बोलावलं, चहा दिला, बाहेर पडणाऱ्या बर्फाबद्दल बोलला, मग पुन्हा चहा दिला. "मला कळलं. मी विचारलं, मला काढतोयस का? तर तो बिचारा रडकुंडीला आला. शेवटी मीच म्हटलं, हे बघ, असं नको. माझ्या शेजारी येऊन बस, आणि नाही म्हण. एवढंच पुरतं."

"मग?"

"बसला. म्हणाला, नाही. मग बसलोच आहोत तर मी त्याला सांगितलं की माझ्या जागी कोणाला खेळव. तो पोरगा कुठे कमी पडतो, त्याला उभं कुठे करायचं. बराच वेळ बोललो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या खोलीवर आला. म्हणाला, माझ्या शेजारी बाकावर बसशील का? असिस्टंट म्हणून."

"किती दिवसांचा करार?" बाबांनी विचारलं. दहा दिवसांचं ते प्रकरण त्यांच्या मनातून कधी गेलंच नव्हतं.

"दिवसांचं काही बोलणंच झालं नाही," तो म्हणाला. "रोज सकाळी ये, म्हणालाय."

बाबांनी चष्मा काढला आणि बनियनला पुसत बसले.

तेवढ्यात तिकडे शिट्टी वाजली. कोणीतरी त्याला हाक मारली. तो "एक मिनिट" म्हणाला, फोन बाकावर ठेवला आणि बंद करायचा विसरून गेला. आम्हाला हॉलचं छप्पर दिसत राहिलं, लोखंडी, आणि एक दिवा. बॉल आपटल्याचे आवाज यायला लागले, बुटांचे, आणि मधूनमधून त्याचा. काय सांगत होता ते समजत नव्हतं, भाषाही कुठली कोण जाणे. मी फोन बंद करायला बोट पुढे केलं.

"राहू दे गं," आई म्हणाली. "ऐकू येतोय ना." आणि ती फोन भाजीच्या ताटाशेजारी उभा करून वाटाणे सोलायला बसली.